कानपूर-1 : दुरुस्तीच्या डेपोत जन्मलेलं विमान

चंदीगडच्या सेक्टर 18 मध्ये, जुन्या सरकारी छापखान्याच्या इमारतीत, 8 मे 2023 रोजी भारतीय वायुदलाचं वारसा केंद्र सुरू झालं. आत शिरणारे बहुतेक जण नॅट आणि मिग या लढाऊ विमानांकडे वळतात, आणि तेही बरोबरच आहे. 1965 आणि 1971 च्या युद्धांचा इतिहास त्या यंत्रांना चिकटलेला आहे. मला मात्र ओढ आहे ती तिथल्या एका छोट्या पंख्याच्या विमानाची. चार माणसं बसतील एवढं, 190 अश्वशक्तीच्या लायकॉमिंग इंजिनाचं हे विमान 1958 साली तयार झालं. त्याचं नाव कानपूर-1. ते कुठल्या कारखान्याच्या आरेखन विभागातून आलं नाही. वायुदलाच्या दुरुस्ती डेपोत, रोज दुसऱ्यांची विमानं उघडून जोडणाऱ्या हातांनी ते घडवलं. त्याचं कूळ म्हणूनच सांगण्यासारखं आहे.

ते कूळ लाहोरजवळच्या मुघलपुऱ्यात सुरू होतं. 1921 साली तिथे एक तंत्रशिक्षणाचं कॉलेज निघालं आणि पुढे ते मॅक्लॅगन इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून ओळखलं गेलं. 1909 साली जन्मलेला हरजिंदर सिंग हा तरुण तिथे शिकला आणि मग एक अजब वाटावा असा निर्णय घेऊन हवाई सिपाही म्हणून भरती झाला. हुद्द्यांच्या उतरंडीत ती अगदी तळाची पायरी. इंजिनिअरिंग शिकलेल्या माणसाला त्या काळात रेल्वेत किंवा पाटबंधारे खात्यात सुखाची नोकरी मिळाली असती. पण 1 एप्रिल 1933 रोजी कराचीच्या ड्रिघ रोडवर भारतीय वायुदलाची पहिली स्क्वॉड्रन उभी राहिली, तेव्हा तिच्यापाशी होती चार वापिटी विमानं, मोजके अधिकारी आणि जेमतेम दीड-दोन डझन हवाई सिपाही. भारतीय माणूस विमान उडवू शकतो का, आणि त्याहून मोठा प्रश्न म्हणजे ते सांभाळू शकतो का, याचं उत्तर या मूठभर लोकांनी द्यायचं होतं. अधिकाऱ्यांत सुब्रतो मुखर्जी होते, सिपायांत हरजिंदर. या दोघांची नावं पुढे कानपुरात पुन्हा एकत्र येतात.

1942 च्या फेब्रुवारीत ही स्क्वॉड्रन ब्रह्मदेशात होती. हाताशी होतं लायसँडर. टेहळणीसाठी आणि सैन्याला मदतीसाठी बनवलेलं, संथ, उंच पायांचं विमान. स्क्वॉड्रन लीडर के. के. मजुमदार यांनी त्याला अडीचशे पौंडांचे बाँब लावून जपानी धावपट्ट्यांवर हल्ले केले. ज्या विमानाचं हे कामच नव्हतं त्याच्याकडून ते करून घेण्यामागे जमिनीवरचे तंत्रज्ञ होते, आणि त्या तंत्रज्ञांत वॉरंट ऑफिसर हरजिंदर सिंग पुढे होते. त्याच वर्षी ते अधिकारी झाले. आहे त्या यंत्रातून काय निघेल हे पाहायची सवय त्या रणांगणात पक्की झाली, असं मला वाटतं.

आता कानपूर. युद्ध संपल्यावर चकेरीच्या तळावर अमेरिकी बी-24 लिबरेटर बाँबफेकी विमानांचं मोठं स्मशान झालं होतं. ती उसनवारीच्या करारावर आलेली होती. कोणी पुन्हा उडवू नयेत म्हणून ब्रिटिशांनी ती जाण्यापूर्वी मुद्दाम नासवली होती. स्वतंत्र भारताला जड बाँबफेकी विमानं हवी होती, विकत घ्यायला पैसे नव्हते. तेव्हा बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्या ढिगातली त्यातल्या त्यात धड विमानं निवडली, कशीबशी उडण्याजोगी केली, आणि वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून बंगळुरूला उडवत नेली. तिथे त्यांचं नीट पुनरुज्जीवन झालं. नोव्हेंबर 1948 मध्ये पहिली सहा विमानं पाच नंबरच्या स्क्वॉड्रनमध्ये दाखल झाली आणि 1968 पर्यंत भारतात लिबरेटर उडत राहिली. आज जगभरच्या संग्रहालयांत जी मोजकी लिबरेटर उरली आहेत, त्यांतली कित्येक याच भारतीय ताफ्यातली आहेत. हे काम हरजिंदर सिंगांचं नव्हे. पण ज्या गावात टाकलेल्या विमानात जीव घालता येतो हे डोळ्यांसमोर सिद्ध झालं, त्याच गावात दहा वर्षांनी कानपूर-1 जन्मलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

तोवर हरजिंदर सिंग एअर व्हाइस मार्शल झाले होते आणि देखभाल विभागाचे प्रमुख होते. स्वतः विमान बनवा असा त्या डेपोला हुकूम नव्हता. तरीही त्यांनी ते आखलं आणि आपल्या लोकांकडून घडवून घेतलं. 1961 मध्ये 250 अश्वशक्तीचं इंजिन लावून कानपूर-2 हा पुढचा नमुनाही उडाला. मात्र यांतलं कुठलंच विमान मोठ्या संख्येने बनलं नाही.

त्याच सुमारास बंगळुरूत डॉ. विष्णू माधव घाटगे याच वर्गातलं काम करत होते. कोल्हापूरकडचे घाटगे जर्मनीत गटिंगनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली वायुगतिकी शिकून आलेले, हरजिंदरांहून जेमतेम काही महिन्यांनी मोठे. त्यांचं कृषक हे सैन्याच्या टेहळणीसाठीचं छोटं विमान 1959 साली उडालं आणि साठाहून अधिक बनलं. एकाकडे प्रांटलची विद्या आणि सुसज्ज कारखाना, दुसऱ्याकडे तीस वर्षांची कार्यशाळा. कृषक निवडलं गेलं यात अन्याय झाला असं मी म्हणणार नाही. पण डेपोतल्या फिटरला आपण बनवलेलं विमान धावपट्टी सोडताना बघायला मिळालं, त्याचा परिणाम लगेच दिसला. कानपुरातच 1960 मध्ये विमान उत्पादन डेपो उभा राहिला आणि 1 नोव्हेंबर 1961 रोजी तिथे जोडलेलं पहिलं अॅव्हरो-748 उडालं. त्याचं नाव ठेवलं सुब्रतो, आदल्या वर्षी टोकियोत वारलेल्या मुखर्जींवरून.

एकुलत्या एका नमुन्याचं पुढे काय होतं हे त्याला कोण सांभाळतो यावर ठरतं. अमेरिकेत कर्टिसने युद्धकाळात पी-40 या लढाऊ विमानाचा सर्वांत वेगवान अवतार बनवला, एक्सपी-40क्यू. मोजकीच विमानं बनली. युद्धानंतर त्यातलं एक शर्यतवेड्या वैमानिकाच्या हाती लागलं. 1947 च्या क्लीव्हलंडच्या थॉम्पसन ट्रॉफीत जोसेफ झीगलर ते घेऊन उतरला, मध्येच इंजिनाने पेट घेतला, त्याने पॅराशूटने उडी मारली आणि विमान गेलं. त्या माणसाच्या वेडाबद्दल मला प्रेमच आहे. त्याच्यासारख्यांमुळे अशी यंत्रं भंगारात न जाता आणखी काही काळ आकाशात राहिली. पण आज आपण त्या विमानाची फक्त छायाचित्रं बघू शकतो.

कानपूर-1 ला वेगळ्या प्रकारचे वेडे भेटले. फाळणीनंतर मुघलपुऱ्याच्या कॉलेजचा भारतातला वंश आधी रुरकीला आणि 1953 च्या अखेरीस नव्याने बांधल्या जाणाऱ्या चंदीगडला आला. तेच पंजाब इंजिनिअरिंग कॉलेज. 1967 मध्ये हे विमान तिथे दिलं गेलं, म्हणजे ते हरजिंदर सिंगांच्याच कॉलेजात आलं. पुढची पन्नासहून अधिक वर्षं विमान अभियांत्रिकीच्या मुलामुलींना ते हाताशी होतं. पंखांची मुळं, दांडे, नियंत्रणाच्या तारा, सगळं पुस्तकाबाहेर, प्रत्यक्ष. अंतराळवीर कल्पना चावलाने याच विभागातून 1982 मध्ये पदवी घेतली तेव्हाही विमान कॉलेजच्याच ताब्यात होतं. 1971 मध्ये वारलेल्या हरजिंदर सिंगांना तिची पदवी बघायला मिळाली नाही.

2021 साली, स्थापनेला शंभर वर्षं होत असताना, कॉलेजने कानपूर-1 वायुदलाला परत भेट दिलं. चंदीगडला गेलात तर नॅटकडे जरूर जा. पण या विमानापाशीही थांबा, बरोबर मुलं असतील तर त्यांना सांगा की हे बनवणारा माणूस हवाई सिपाही म्हणून भरती झाला होता.