चर्चच्या भिंतीबाहेरची डबी : थ्रेड

१/ इंग्लंडमधील एखाद्या जुन्या पॅरिश चर्चपाशी कोणी बाकाखाली हात घालून काही चाचपताना दिसले, तर तो चोर असेलच असे नाही. तो बहुधा जिओकॅशिंगचा खेळाडू असतो. हा खेळ आपल्याला इतिहासाची साधने वाचायला शिकवू शकतो, आणि त्या वाचनात चकवूही शकतो. ते कसे, हे आजच्या थ्रेडमध्ये पाहू.

२/ मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसच्या अचूकतेवर मुद्दाम घातलेली मर्यादा उठवली. त्यानंतर लगेच, ३ मे रोजी, ओरेगॉन राज्यात एकाने बादलीत वस्तू ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. नियम साधा होता : काही घ्या, काही ठेवा, वहीत नोंद करा.

३/ ब्रिटनमध्ये या खेळाची ‘चर्च मायक्रो’ नावाची मालिकाच आहे. हजारो चर्चच्या परिसरात कॅमेऱ्याच्या रोळाच्या डबीएवढ्या किंवा त्याहून लहान डब्या लपवलेल्या आहेत. पुष्कळदा थडग्यांवरील व फलकांवरील आकडे जमवून गणित सोडवावे लागते, तेव्हा डबीची जागा कळते. मृतांचा मान राखण्यासाठी डबी सहसा दफनभूमीच्या भिंतीबाहेर असते.

४/ चर्चच का? कारण आकडे तिथे विपुल असतात. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही ठेवण्याचा आदेश दिला. सामान्य इंग्रज माणसाचे नाव लिखित इतिहासात सातत्याने उमटू लागते ते इथून.

५/ आता डर्बीशायरमधील ईम गावी जाऊ. सेंट लॉरेन्स चर्चच्या आवारात साधारण आठव्या शतकातील सॅक्सन क्रूस आहे, भिंतीवर १७७५ चे सूर्यघड्याळ आहे. कोडे रचणाऱ्यास आणखी काय हवे? परंतु या गावाची खरी ओळख १६६५-६६ च्या प्लेगमुळे आहे.

६/ सप्टेंबर १६६५ मध्ये जॉर्ज व्हिकर्स हा गावातील पहिला बळी ठरला. लंडनहून आलेल्या कापडातून रोग आला, असे परंपरा सांगते. जून १६६६ मध्ये रेक्टर विल्यम मॉम्पेसन व त्यांचे पूर्वसुरी थॉमस स्टॅन्ली यांनी गावकऱ्यांना तीन गोष्टींस राजी केले : गावाची सीमा ओलांडायची नाही, प्रार्थना उघड्यावर करायची, आणि आपले मृत आपणच आपल्या जमिनीत पुरायचे.

७/ सीमेवर एक भोके पाडलेला दगड आजही आहे. शेजारच्या गावांतील लोक तिथे अन्न ठेवून जात. ईमचे लोक त्या भोकांत व्हिनेगरमध्ये बुडवलेली नाणी ठेवत. देणारा आणि घेणारा एकमेकांसमोर येत नसत. ‘काही घ्या, काही ठेवा’ हा आज खेळाचा नियम आहे. तेव्हा तो जगण्याचा होता.

८/ आता चर्चच्या आवारात उभे राहून १६६६ ची थडगी शोधा. मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरीन हिचे थडगे सापडेल. ती ऑगस्ट १६६६ मध्ये गेली. इतर बळी मात्र इथे जवळजवळ दिसतच नाहीत. केवळ या दगडांवरून निष्कर्ष काढणारा म्हणेल, गावात प्लेग फारसा झालाच नाही.

९/ उत्तर भिंतीबाहेर आहे. गावाबाहेरच्या शेतात ‘राइली ग्रेव्ह्ज’ नावाची थडगी आहेत. तिथल्या एलिझाबेथ हॅनकॉक हिने आठ दिवसांत आपला पती आणि सहा मुले स्वतः पुरली. चर्चच्या आवारात थडगी नसणे हाही पुरावाच आहे. मात्र तो वाचायचा तर आधी जूनचा तो निर्णय ठाऊक हवा.

१०/ आकडेही सरळ नसतात. १७५२ पूर्वी इंग्लंडचे अधिकृत वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून जुन्या नोंदीत ‘जानेवारी १६६५’ असेल, तर आपल्या हिशेबाने ते १६६६. हे ध्यानी न घेतल्यास सप्टेंबरमध्ये आलेल्या साथीचे बळी जानेवारीतच, म्हणजे साथीच्या आधीच, मेलेले दिसतील!

११/ मृतांची संख्या परंपरेने २६० सांगितली जाते. गावाची लोकसंख्या किती होती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. आज उपलब्ध असलेली नोंदवहीही नंतर केलेली नक्कल आहे. याचा अर्थ ती खोटी असा नव्हे. ती कोणी, केव्हा आणि कशावरून लिहिली, हे विचारूनच ती वापरायची.

१२/ मला हा खेळ आवडतो. एरवी कोणी ढुंकूनही पाहिला नसता असा दगड तो दोन मिनिटे लक्षपूर्वक वाचायला लावतो. परंतु खेळाडूला थडग्यावरून एक अंक हवा असतो आणि तो मिळताच तो पुढे जातो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिथेच थांबावे. हा अंक इथे कोणी कोरला? आणि ज्यांचा कोरला नाही, ते कुठे आहेत?

(समाप्त)