राजाश्रय ते करारपत्र : विजय हजारे यांच्या क्रीडाजीवनाचा एक विचार

क्रिकेटच्या आपल्याकडील इतिहासात धावा व बळी यांच्या नोंदी विपुल आढळतात; परंतु खेळाडूचा चरितार्थ कसा चालत असे, याची नोंद त्या मानाने तुटपुंजी आहे. सांगलीत १९१५ साली जन्मलेल्या विजय हजारे यांचे क्रीडाजीवन या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

हजारे हे मराठी ख्रिस्ती. धर्मवार संघांच्या पंचरंगी सामन्यांत त्यांचे स्थान साहजिकच 'इतर' संघात होते. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध त्या संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. तरीही सामना डावाने गेला. मात्र अशा पराक्रमावर संसार चालत नसे. त्याकरिता संस्थानाचा आधार लागे. हजारे बडोदे संस्थानाच्या सेवेत होते, आणि १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात गुल महंमद यांच्यासह त्यांनी रचलेली ५७७ धावांची भागी बडोद्याकडूनच होती.

१९४९ साली बडोदे मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच वर्षी हजारे लँकेशायरमधील रॉटनस्टॉल क्लबचे धंदेवाईक खेळाडू होते. पुढे ते रॉयटनकडे गेले. कालक्रमातील ही जवळीक म्हणजे कार्यकारणाचा पुरावा नव्हे. तथापि आश्रयाची जागा करार घेऊ लागला होता, हे तीवरून ध्यानात येते. तेथील गिरणगावांत वेतनी खेळाडूने अर्धशतक काढल्यास प्रेक्षकांत वर्गणी गोळा होई व त्यात कोणासही कमीपणा वाटत नसे.

या दोन व्यवस्थांचा संघर्ष १९५२ साली उघड झाला. फेब्रुवारीत मद्रास येथे हजाऱ्यांच्या नेतृत्वाखाली भारताने पहिला कसोटी विजय मिळविला. त्यात विनू मांकड यांचे १२ बळी होते. मांकडांना हॅसलिंग्डन क्लबचा करार खुणावत होता; दौऱ्यातील निवडीची हमी त्यांनी मागितली, ती नियामक मंडळाने नाकारली. हेडिंग्ले येथे दुसऱ्या डावात शून्यावर चार गडी बाद झाल्यावर मात्र मंडळाला क्लबकडून मांकडांची मोकळीक मागावी लागली. लॉर्ड्सवर त्यांनी ७२ व १८४ धावा काढून पहिल्या डावात पाच बळी घेतले, आणि दुसऱ्या डावात हजाऱ्यांसह २११ धावांची भागी केली. सामना हातचा गेलाच.

संस्थानाची चाकरी प्रतिष्ठेची आणि क्लबचे वेतन मात्र निष्ठेच्या आड येणारे, असा भेद मंडळाच्या वर्तनात गृहीत दिसतो. वस्तुतः दोन्हीकडे खेळाडू आपल्या कौशल्यावरच पोट भरत होता. अंतर इतकेच की, करारपत्रात त्याचे मोल व मुदत लेखी असे, तर राजाश्रयात ते धन्याच्या मर्जीवर अवलंबून राही.