गोठ्यातलं गोचिडांचं औषध मांजराला लावलं तर काय होतं? पिसवा, गोचीड आणि जंतांची औषधं कशी निवडायची?

दापोली तालुक्यातलं मुरुड (जंजिऱ्याचं नव्हे, ते रायगडात) घ्या किंवा कोकणातलं दुसरं कुठलंही किनाऱ्यावरचं गाव. एकाच वाडीत गोठा असतो, ओटीवर कुत्रा असतो आणि चुलीजवळ मांजर. जनावरांच्या गोचिडांसाठी आणलेली बाटली गोठ्याच्या वळचणीला ठेवलेली असते. पावसाळ्यात कुत्र्या-मांजराच्या अंगावर पिसवा दिसू लागल्या की हात त्याच बाटलीकडे जातो.

गायीला ते औषध चालतं, मांजराला ते मारू शकतं.

मांजराचं वेगळं काय?

गोठ्यातल्या औषधांत बहुतेक वेळा सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ असतं. यातली पहिली दोन आणि कुत्र्यांच्या काही औषधांत असणारं परमेथ्रिन एकाच कुळातली. कुत्र्याचं यकृत ही रसायनं मोडून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृतात त्यासाठी लागणारं एन्झाइम फारच कमी असल्यामुळे औषध अंगात साचतं आणि नसांवर परिणाम करतं. कान आणि कातडी फडफडणं, लाळ गळणं, थरथर आणि मग झटके अशी लक्षणं काही तासांत दिसतात. कधी दुसरा दिवसही उजाडतो.

मांजराला थेट औषध लावायलाच हवं असंही नाही. कुत्र्याच्या मानेवर टाकलेलं परमेथ्रिनचं औषध वाळायच्या आत मांजर त्याला बिलगून झोपलं किंवा त्याला चाटलं, तरी पुरतं. म्हणून ज्या पाकिटावर किंवा पट्ट्यावर ‘मांजरांसाठी’ असं छापलेलं नाही, ते मांजराला लावायचं नाही. ‘थोडंसंच लावू’ हेही नाही.

चुकून लावलंच तर?

मांजर शुद्धीवर असेल तर कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विड साबणाने अंग धुवा. गरम पाणी नको, त्याने औषध कातडीत जास्त शिरतं. नंतर पुसून कोरड्या फडक्यात उबेला ठेवा. दूध, तेल, मिठाचं पाणी पाजू नका, उलटी करवू नका. थरथर सुरू झालेली असेल तर धुण्यात वेळ न घालवता थेट पशुवैद्यकाकडे न्या आणि औषधाची बाटली सोबत घ्या. नावावरून उपचार ठरतो, ‘निळ्या झाकणाचं होतं’ एवढ्यावरून नाही.

इंजेक्शनचं गणित

आयव्हरमेक्टिनची गोष्टही अशीच. गायी-म्हशींच्या १ टक्क्याच्या इंजेक्शनमध्ये १ मिलिलिटरला १० मिलिग्रॅम औषध असतं आणि डोस ५० किलो वजनाला १ मिलिलिटर असतो. त्याच हिशेबाने ५ किलोच्या कुत्र्याला ०.१ मिलिलिटर येतं. अंदाजाने अर्धा मिलिलिटर टोचलं की ते पाचपट झालं. कोली आणि त्या वळणाच्या काही जातींत तर जनुकीय दोषामुळे गायीच्या हिशेबाचा डोसही विषारी ठरू शकतो. हे औषध डॉक्टर काही आजारांत कुत्र्यांना देतात, पण ते वजन आणि जात बघून.

वजनासाठी सोपी युक्ती: आधी तुम्ही एकटे वजनकाट्यावर उभे राहा, मग कुत्र्याला उचलून. दोन्हींतला फरक म्हणजे त्याचं वजन.

मग घ्यायचं काय?

पिसवांसाठी फिप्रोनिलचं मानेवर टाकायचं औषध कुत्रा आणि मांजर दोघांसाठी मिळतं, मात्र पाकिटं वेगवेगळी. सशाला ते अजिबात नको. केस बाजूला करून मानेच्या मागे, जीभ पोहोचणार नाही अशा जागी कातडीवर टाका. आदल्या आणि पुढच्या दोन दिवसांत आंघोळ नको. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी फ्लुरालेनर, अफोक्सोलेनर अशा चघळायच्या गोळ्या आल्या आहेत. त्या चांगल्या काम करतात, पण अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये या गटातल्या औषधांमुळे काही प्राण्यांना झटके येऊ शकतात असा इशारा दिला होता. तुमच्या कुत्र्याला आधी फिट आली असेल तर डॉक्टरांना सांगा. रॉकेल, फिनेल, तंबाखूचं पाणी हे उपाय नाहीत, ती विषंच आहेत.

औषध लावूनही पिसवा का जात नाहीत?

कारण अंगावर दिसतात त्या थोड्याच. बाकी अंडी, अळ्या आणि कोष गोधडीत, फटींत, मातीत असतात. कोषातली पिसू महिनोन्‌महिने थांबू शकते आणि पावलांची हालचाल, श्वासाची ऊब लागली की बाहेर पडते. गणपतीला आलेल्या चाकरमान्यांनी बंद घर उघडलं की पायांवर पिसवा उडतात, त्यामागे हेच असतं. म्हणून घरातल्या सगळ्या प्राण्यांना एकाच वेळी औषध, अंथरुणं गरम पाण्यात आणि कोपरे झाडणं, हे सलग दोन-तीन महिने करावं लागतं.

आणि जंत?

शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर तो टेपवर्म. कुत्र्या-मांजरांत तो बहुधा अंग चाटताना पिसू गिळल्यामुळे होतो, म्हणजे पिसवा राहिल्या तर प्राझिक्वांटेल देऊनही तो परत येणार. गोल आणि अंकुश जंतांसाठी पायरँटेल किंवा फेनबेंडाझोल देतात. पिल्लांना दोन आठवड्यांपासून दर दोन आठवड्यांनी, मोठ्यांना साधारण दर तीन महिन्यांनी. शाळेतून आलेली आल्बेंडाझोलची गोळी अर्धी करून देऊ नका, कुत्र्या-मांजरांत तिने रक्तपेशी कमी होऊ शकतात.

किनाऱ्यावर याला आणखी एक बाजू आहे. कुत्र्याच्या विष्ठेतली अंकुश जंताची अंडी ओलसर, सावलीच्या वाळूत काही दिवसांत फुटतात आणि अळ्या अनवाणी पायाच्या कातडीत शिरतात. मग तिथे खाजणारी, नागमोडी लाल रेघ सरकत जाते. भरतीचं पाणी पोहोचतं तिथे धोका कमी, वरच्या कोरड्या पट्ट्यात झाडांखाली जास्त. कुत्र्याला किनाऱ्यावर फिरवायला नेताना खिशात एक पिशवी ठेवा आणि त्याची घाण उचलून घ्या.