चिंच फोडायच्या दुपारी

चपला बाहेरच काढा. दिंडी दरवाजातून आत येताना मोठ्या माणसांना वाकावं लागतं, तुम्हाला नाही. आज तुम्ही आठ वर्षांचे आहात आणि तुमचं डोकं त्या लाकडी चौकटीच्या बरंच खाली आहे. 1970 च्या आसपासचं पुणं, सदाशिव पेठेतला वाडा, मे महिन्यातली दुपार. शाळा बंद, परीक्षेचा निकाल लागलेला, आणि पुढचा महिनाभर कुणीही तुम्हाला कुठेही नेऊन सोडणार नाही.

सगळ्यात आधी नाकाला कळतं. कुरडयांसाठी तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा आंबूस वास, स्टोव्हच्या रॉकेलचा वास, माठातल्या वाळ्याचा वास, आणि या सगळ्यांवर चढून बसलेला चिंचेचा. जिभेच्या कडांना आपोआप पाणी सुटतं. चौकातली शहाबादी फरशी इतकी तापली आहे की चालता येत नाही, टाचा उचलून पळावं लागतं. पळा! नळकोंडाळ्याच्या ओल्या दगडावर एक पाय, तिथून थेट पडवीच्या सावलीत.

पडवीत बायका बसल्या आहेत. वर्षाची चिंच आली आहे. काकू बत्त्याने ठकाठक चिंच ठेचतात, आजी बोटांनी शिरा ओढून काढते, आई मीठ लावून गोळे वळते आणि बरणीत दाबून बसवते. आतल्या खोलीतून रेडिओवरची विविध भारती ऐकू येते, पण बत्त्याच्या आवाजात गाण्याचे शब्द हरवतात. तुमचं लक्ष गाण्याकडे नाहीच. ते आहे सुपाकडे. सुपात चिंचोके पडत आहेत, गडद तपकिरी, तेल लावल्यासारखे चकचकीत. एक उचलून मुठीत धरा. बाहेर एवढं ऊन आहे, तरी तो गार लागतो.

"नुसतं बघू नकोस, हात लाव," आजी म्हणते. मदत केली की प्रत्येकाला ओंजळभर चिंचोके मिळायचे, असा वाड्याचा रिवाज आहे. बोटं चिकट होतात, नखांत आंबट कण अडकतात, कालच्या खरचटलेल्या जागी मीठ झोंबतं. तुम्ही हूं की चूं करत नाही, कारण ओंजळ मोठी हवी आहे.

ओंजळ मिळाली की जिन्याच्या दगडी पायरीवर या. तिसरी पायरी. बाकीच्या पायऱ्या पावलांनी गुळगुळीत झाल्या आहेत, हीच तेवढी कडेला खडबडीत राहिली आहे. वाड्यातली सगळी पोरं इथेच चिंचोके घासतात. दोन बोटांत चिंचोका धरायचा, वरून अंगठ्याने दाबायचा आणि मागेपुढे, मागेपुढे घासत राहायचं. खर्र खर्र आवाज येतो, जळकट वास येतो. वरचं साल जातं, खालून पिवळट पांढरा गर दिसू लागतो. मग थांबून हात मध्येच वर करता, कारण चिंचोका आता तापला आहे आणि शेजारी बसलेल्या मावसभावाच्या दंडावर तो टेकवण्याचा मोह कुणालाच आवरलेला नाही. "आई गं!" तो किंचाळतो आणि पुढच्याच मिनिटाला तुमच्या दंडावरही चटका बसतो. हिशोब पूर्ण.

अर्धा चिंचोका झिजला की एक बाजू तपकिरी फुगीर, दुसरी पांढरी सपाट. असे चार लागतात. चार व्हायला अर्धी दुपार जाते, बोटांची टोकं हुळहुळतात, आणि ते संपूच नये असं वाटतं. मला आजही वाटतं की खेळ पायरीवरच सुरू झालेला असायचा, पट मांडायच्या कितीतरी आधी.

आता खडू. शाळेतून खिशात आलेला, बोटाच्या पेराएवढा तुकडा. ओटीच्या फरशीवर पाच उभी, पाच आडवी, अशी पंचवीस घरं आखा. चारही कडांच्या मधल्या घरांत फुली, आणि अगदी मधोमध एक फुली. हा चल्लस-आठचा पट. गावोगावी याचं नाव बदलतं, पण घरं साधारण हीच. सोंगट्या कुणी विकत आणत नाही. तुमच्या चार फुटक्या हिरव्या बांगडीच्या, ताईची चार शर्टाची बटणं, मावसभावाचे चार खडे, चौथ्या गड्याला न घासलेले चिंचोके.

चारही चिंचोके ओंजळीत खुळखुळवा आणि टाका. जितके पांढरे वर, तितकं दान. चारही पांढरे पडले तर चार, चारही तपकिरी पडले तर आठ, आणि चार किंवा आठ पडलं की पुन्हा टाकायचं. बाहेरच्या घरांतून एक फेरी, मग आतल्या घरांतून उलटी फेरी, मग मधली फुली. पण दुसऱ्याची निदान एक सोंगटी मारल्याशिवाय आत शिरायचं नाही. फुलीवर बसलेल्याला मारायचं नाही.

गोंगाट ऐका. "आठ! आठ पडलं!" "नाही, तो तिरका पडलाय, पुन्हा टाक." चिंचोका भिंतीला टेकून उभा राहिला आहे आणि आता चौघे पालथे पडून, गाल तापलेल्या फरशीला लावून, तो कुठल्या बाजूला झुकला आहे ते पाहत आहेत. प्रत्येक चिंचोका वेगळ्या हाताने घासलेला, म्हणून प्रत्येकाची पडायची तऱ्हा वेगळी. ताईला तिचे चारही ओळखू येतात. आजी आतून येते, कमरेवर हात ठेवून पट पाहते, आणि काही न विचारता तुमची एक सोंगटी दोन बोटांनी पुढे सरकवते. ती चाल तुम्हाला सुचली नसती. तीही हा खेळ अशीच, कुठल्यातरी पायरीवर चिंचोके घासून शिकली आहे.

डाव मोडला की वाडाभर शोधाशोध सुरू होते. या घरात टाकून द्यायचं असं फारसं काही नसतं. रिकाम्या काडेपेट्यांना भोक पाडून दोरा ओवला की टेलिफोन. दोरा ताणलेला हवा, मधे कुणी बोट लावलं की आवाज मेला, आणि कुणीतरी लावतंच. शिवणाच्या मशीनवरचं रिकामं लाकडी रीळ, सायकलच्या ट्यूबची कापलेली पट्टी, मेणबत्तीची चकती आणि एक काडी, एवढ्यात वडिलांच्या चपलेवर चढून जाणारा रणगाडा होतो. सोडावॉटरचं बूच ठोकून चपटं करून दोन भोकं पाडली की गुंईऽऽ करणारी भिंगरी. चिंध्यांचा चेंडू आणि फुटक्या कौलांची लगोरी. तुम्ही पुढच्या काळातून आला आहात, म्हणून तुम्हाला ठाऊक आहे की याच पुण्यात अरविंद गुप्ता आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अशाच काड्या, ट्यूब आणि रिकाम्या डब्यांतून मुलांना विज्ञान शिकवतील आणि 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळेल. इथे कुणाला हे विज्ञान आहे याचा पत्ता नाही. ती दुपार आहे, बस.

पण थांबा, माजघराचं दार लोटलं आहे. आत सिनेमा आहे.

दादाने गेलेला बल्ब जपून ठेवला होता. फडक्यात धरून, पकडीने बुडाची काळी काच फोडून, आतली तार आणि नळी त्याने बाहेर काढली. तुम्हाला तेव्हा चार हात लांब उभं केलं होतं. मग बल्ब धुऊन त्यात काठोकाठ पाणी. झालं भिंग. चपलांच्या खोक्याला एका अंगाला भोक, त्यात बल्ब अडकवलेला, समोरच्या अंगाला चौकोनी खिडकी, खिडकीत फिल्मचा तुकडा. हे तुकडे थिएटरबाहेर पैशांत मिळतात, आणि त्यांची देवघेव चिंचोक्यांतही होते.

माजघर दिवसाही काळोखं. शेणाने सारवलेल्या जमिनीचा गारवा मांड्यांना लागतो, दहा-बारा पोरांच्या घामाचा वास कोंडला आहे. समोर आजोबांचं धोतर खुंट्यांना ताणून बांधलं आहे. बाहेर चौकात, भर उन्हात, एक जण आरसा धरून बसला आहे. तो आरसा फिरवतो, उन्हाचा कवडसा भिंतीवरून सरपटत येतो, दाराच्या फटीतून आत शिरतो, खोक्याच्या खिडकीवर पडतो. धोतरावर एक धूसर डाग उमटतो. दादा खोकं पुढे सरकवतो, किंचित मागे घेतो.

आणि एक बाई दिसते. हातभर उंच, कपाळावर बट, हसणारी. उलटी. खोली हसून फुटते. दादा शांतपणे फिल्म काढून डोकं खाली करून लावतो, आणि बाई सुलटी होते. कुणी बोलत नाही. ती हलत नाही, गात नाही, तरी तुम्ही श्वास रोखून पाहता. पाणी हिंदकळलं की तिचा गाल जरासा थरथरतो.

तेवढ्यात चित्र जातं. ऊन सरकलं आहे. "ए, आरसा!" सगळे ओरडतात. आरसा धरणाऱ्याला सिनेमा दिसत नाही, म्हणून दर तीन चित्रांनी पाळी बदलते, आणि आता पाळी तुमची आहे. उठा. बाहेर डोळे दिपतात, आरशाची पितळी कड बोटांना पोळते. कवडसा फटीवर स्थिर धरा. आतून "आलं, आलं!" असा ओरडा येतो. तुम्हाला फक्त चौक दिसतो, वाळत घातलेले पापड आणि भिंतीवर पसरलेली उन्हं. आत दहा जण जे पाहत आहेत, ते तुमच्या हातातल्या प्रकाशावर चाललं आहे. हात हलू देऊ नका.

पाच वाजता नळाला पाणी येतं, बादल्या वाजू लागतात, चौकात सडा पडतो. तापलेली फरशी वाफ सोडते, पाय धुऊन घ्यायची हाक येते. ओटीवरचा पट अर्धा पुसला गेला आहे. तुमचे चार चिंचोके चड्डीच्या खिशात आहेत, रात्री झोपताना मांडीला टोचतील.

परत निघण्याआधी एक मागणं. यंदा वर्षाची चिंच आणाल तेव्हा बिया काढलेली आणू नका. घरातल्या पोरांना शेजारी बसवा, नखांत आंबट जाऊ द्या, आणि ओंजळभर चिंचोके त्यांच्या हातात ठेवा. चल्लस-आठला चार चिंचोके, एक खडू आणि जरा खडबडीत दगड लागतो. पायरी दगडी नसेल तर गच्चीचा कोबा चालतो.