शुभेच्छापत्राचा कागद

नाताळचे पहिले छापील शुभेच्छापत्र 1843 सालचे. लंडनच्या हेन्री कोल यांनी चित्रकार हॉर्सली यांच्याकडून चित्र काढून घेतले आणि त्याच्या हजार प्रती छापल्या. त्या काळी युरोपातील कागद मुख्यत्वे चिंध्यांपासून होत असे. लाकडाच्या लगद्याचे युग त्यानंतरचे.

चिंध्यांचा कागद आम्हा धाराशिवकरांना परका वाटू नये. आपला जिल्हा 1948 पर्यंत ज्या निजामी मुलखात होता, त्याच मुलखात दौलताबादजवळ कागजीपुरा आहे. महंमद तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली, तिच्यामागून कागदाचे कारागीर आले, अशी तेथील परंपरा. चिंध्या भिजवून कुटायच्या, हौदातील लगदा जाळीवर उचलायचा, ताव वाळवून दगडाने घोटायचा. झाड तोडावे लागत नाही. पाणी मात्र लागते, आणि अवर्षणाशी झुंजणाऱ्या आपल्या जिल्ह्याने हे नजरेआड करू नये.

गांधीजींच्या प्रेरणेने 1940 साली के. बी. जोशी यांनी पुण्यात हातकागद संस्था उभारली. सुती कापडाच्या कातरणांतूनही असा कागद होतो. चमकी आणि प्लॅस्टिकचा मुलामा चढवलेले पत्र पुन्हा लगद्यात नीट विरत नाही, हातकागदाचे विरते. ते महाग पडते, हे खरे. मग वीस नातलगांऐवजी पाचांना पाठवावे आणि गावातल्यांकडे फराळाचे ताट घेऊन स्वतःच जावे, असे आम्हांस वाटते. दसऱ्याला आपल्याकडे आपट्याचे पान देतात, त्याला कुठे पाकीट लागते? हल्ली त्यासाठी फांद्याच ओरबाडतात, तो भाग वेगळा.