संशोधन धोरण : दिल्लीचा ठराव आणि प्रवराकाठचा ऊस

कोणते प्रश्न शोधायचे, कोणत्या संस्थेने शोधायचे आणि त्यासाठी पैसा कोणी द्यायचा, यासंबंधी शासन जो निर्णय घेते त्यास राष्ट्रीय संशोधन धोरण म्हणतात. तो दिल्लीत होत असला, तरी त्याचा माग श्रीरामपूर परिसरातील उसाच्या शेतात काढता येतो.

भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस विस्तारला. त्याच वर्षी लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखाली शेतीविषयक शाही आयोग नेमण्यात आला. त्याच्या शिफारशीवरून १९२९ मध्ये जी परिषद स्थापन झाली, तीच आजची भारतीय कृषी अनुसंधान परिषद. १९३२ मध्ये साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाले. सातारा जिल्ह्यात पाडेगावचे ऊस संशोधन केंद्रही त्याच वर्षी सुरू झाले. आधी आयोग, मग संस्था आणि निधी, असा हा क्रम होता. १९६८ मध्ये श्रीरामपूरशेजारी राहुरीचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले व पाडेगाव पुढे त्याच्या अखत्यारीत आले.

कालव्याच्या अतिपाण्याने जमिनी क्षारपड होतात, हा या पट्ट्याचा जुना प्रश्न. पाडेगावने २००७ मध्ये दिलेले 'फुले २६५' हे वाण अशा जमिनीतही तग धरते. मात्र जमिनीचा निचरा आणि पाण्याचे वाटप हे विषय दुसऱ्या खात्यांचे. वाण मिळाले, मूळ दुखणे राहिले. धोरणे खात्यांच्या चौकटीत आखली गेली की असे होणारच.

स्वातंत्र्यानंतर १९५८, १९८३, २००३ आणि २०१३ मध्ये राष्ट्रीय विज्ञानविषयक धोरणे जाहीर झाली. २००३ च्या धोरणाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्के खर्चाचे लक्ष्य ठेवले. २०१३ च्या धोरणाने तेच पुन्हा लिहिले. २०२०-२१ मध्ये प्रत्यक्ष खर्च होता ०.६४ टक्के. दक्षिण कोरियात तो चार टक्क्यांहून अधिक असून त्यातील मोठा वाटा उद्योगांचा आहे. आपल्याकडे उद्योगांनी हात आखडता घेतला आहे.

ही उणीव भरण्यासाठी २०२३ मध्ये अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला. पाच वर्षांच्या पन्नास हजार कोटींपैकी सुमारे छत्तीस हजार कोटी सरकारबाहेरून येणे अपेक्षित धरले आहे. शेती या प्रतिष्ठानाच्या कक्षेत आहे. परंतु खासगी पैसा विक्रीयोग्य उत्तरांकडे वळतो. नव्या बियाण्याला गिऱ्हाईक असते. क्षारपड रानातील निचऱ्याच्या चरांचा अभ्यास कोण विकत घेणार?