चेतकचा अभिमान आणि मासिकांचे घड्याळ

जुन्या स्पोर्ट्स कारच्या मालकांचा अभिमान हा पाश्चात्त्यांचा विषय, असे आम्हांस वाटत असे. कसबा पेठेच्या बोळात दोन स्कूटरी समोरासमोर आल्या तरी एकीला मागे सरावे लागे. तेथे स्पोर्ट्स कार कोठली! अभिमान मात्र होता, आणि तो चेतकचा होता.

पिआज्जिओशी १९६० मध्ये झालेला व्हेस्पाचा करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ पासून बजाजची 'चेतक' आली. किती गाड्या काढायच्या हे परवानाराज्यात सरकार ठरवी. त्यामुळे नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. हाती आलेली गाडी विकली तर नव्या किमतीहून अधिक पैसे येत.

मोटारमासिके बहरली ती ही प्रतीक्षा सरल्यावर: 'ओव्हरड्राइव्ह' १९९८ मध्ये, 'ऑटोकार इंडिया' १९९९ मध्ये. शून्यापासून साठपर्यंत किती सेकंद, ही त्यांची मोजपट्टी. ती खोटी नव्हती. इंजिन उजवीकडे असल्याने चेतकचा तोल बिघडे, आणि सुरू होईना म्हणजे ती आडवी करावी लागे (पाहुण्यांना हा एखादा विधीच वाटे). पण नंबर लागेपर्यंतची वर्षे कोणत्या सेकंदकाट्यावर मोजायची? तांबट आळीचे ठोके ऐकत वाढलेल्यांना पत्र्याच्या अंगाचे मोल सांगावे लागत नव्हते. पोचा आला तर तो ठोकून काढता येई.

२००५ च्या सुमारास चेतक बंद झाली. २०२० मध्ये ते नाव विजेवर परतले. आमच्या जिन्याखालची जुनी चेतक दर रविवारी पुसली जाते. चालवली जाते क्वचितच.